दात कोरून अजरामर झालेला माणूस

आज सकाळी दात घासलेत ना? घासले असतीलच. पण पहिलं लेक्चर साडेसातचं, एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात मोबाइल. दोन मिनिटांचं काम चाळीस सेकंदांत उरकलं असेल. आणि वेळ कमी पडला की आपण काय करतो? जोर वाढवतो. मोरी घासावी तसे खसाखसा दात घासतो. मग कधीतरी कँटीनमध्ये बर्फ घातलेलं सरबत पिताना सुळ्यापाशी अशी कळ जाते की डोळ्यांत पाणी येतं. घरी येऊन आरशात निरखून बघावं, तर तो एक दात शेजारच्यापेक्षा जरा लांब दिसतो. आता या वयात दात काही वाढत नाही. झालेलं असतं असं की हिरडी मागे सरकलेली असते आणि दाताचं मूळ उघडं पडलेलं असतं.

हे आजी-आजोबांचं दुखणं, असं तुम्हाला वाटत असेल तर थांबा. ते विशीतही होतं. कुणाला होतं, कुणाला नाही आणि का, हे समजून घ्यायचं असेल तर आधी एका माणसाला भेटावं लागेल. बायोलॉजीच्या पुस्तकात तो तुम्हाला एका ओळीत भेटलाय. मायक्रोस्कोप, सूक्ष्मजीव, एक मार्क. नाव अँटनी व्हॅन लीवेनहूक. आपल्याकडे म्हणतात, दात कोरून पोट भरत नाही. या माणसाचं पोट कापडाच्या दुकानावर आणि नगरपालिकेच्या नोकरीवर चालत होतं. पण दात कोरून त्याने जे काढलं, त्यामुळे तो अजरामर झाला.

टोपल्या विणणाऱ्याचा मुलगा

हॉलंडमधलं डेल्फ्ट हे कालव्यांचं गाव. २४ ऑक्टोबर १६३२ रोजी अँटनीचा जन्म तिथे झाला. त्याच महिन्यात त्याच गावात आणखी एका मुलाचा बाप्तिस्मा झाला, तो पुढे जगप्रसिद्ध झालेला चित्रकार योहानेस व्हर्मीर. एकाने उजेड रंगात पकडला, दुसऱ्याने काचेत. व्हर्मीर कर्जबाजारी होऊन वारला, तेव्हा १६७६ साली त्याच्या मालमत्तेचा कारभार बघायला नगरपालिकेने ज्याला नेमलं, तो हाच लीवेनहूक.

अँटनीचे वडील टोपल्या विणायचे. तो पाच-सहा वर्षांचा असतानाच ते गेले. आईने दुसरं लग्न केलं. मुलाची रवानगी आधी बाहेरगावच्या शाळेत, मग काकांकडे आणि सोळाव्या वर्षी ॲमस्टरडॅमला एका कापड व्यापाऱ्याच्या पेढीवर झाली. कॉलेज नाही, युनिव्हर्सिटी नाही. त्या काळी विद्वानांची भाषा लॅटिन. ती त्याला कधीच आली नाही. आयुष्यभर त्याला येत होती ती फक्त डच, आणि तीही बाजारातली, बोलण्यातली.

एकवीस वर्षांचा असताना, १६५४ साली, तो डेल्फ्टला परतला. बार्बारा नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि स्वतःचं कापडाचं दुकान काढलं. संसार मात्र सुखाचा झाला नाही. पाच मुलं झाली, त्यातली चार लहानपणीच गेली. उरली एकटी मारिया. १६६६ साली बार्बाराही गेली. १६६० पासून त्याला नगरपालिकेत नोकरी लागली होती. सभागृहाची दारं उघडायची, बंद करायची, शेकोटी पेटवायची, साफसफाई करून घ्यायची. पुढे तो जमीन मोजणारा अधिकृत मोजणीदार झाला, नंतर दारूच्या पिंपांचं माप तपासणारा अधिकारीही झाला. एकूण काय, मोजणं, मापणं, तपासणं हे त्याच्या रक्तातच भिनलं होतं.

आणि भिंग? ते कापडाच्या धंद्यातून आलं. कापडाचा पोत बघायला, एका इंचात किती धागे बसलेत ते मोजायला कापडवाले भिंग वापरत. तुम्ही आईबरोबर साडीच्या दुकानात गेला असाल तर आठवा. कापड चांगलं आहे का बघायला ती काय करते? पदर उलगडते, मागे हात धरते आणि उजेडात बघते. हात आरपार दिसला तर कापड पातळ. लीवेनहूकने हे दिवसातून शंभरदा केलं असणार. ही हात धरून बघण्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

युद्ध चालू असताना गेलेलं पत्र

साधं भिंग त्याला पुरेना. त्याने स्वतःच भिंगं घडवायला सुरुवात केली. त्याचा मायक्रोस्कोप आपल्या लॅबमधल्यासारखा नव्हता. धातूच्या दोन छोट्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये टाचणीच्या डोक्याएवढं काचेचं भिंग आणि समोर एक सुई. बघायची वस्तू सुईच्या टोकावर ठेवायची, स्क्रू फिरवून जवळ-लांब करायची आणि यंत्र अगदी डोळ्याला भिडवून उजेडाकडे तोंड करून बघायचं. सगळं यंत्र तळहातात मावणारं. त्याची जी थोडी यंत्रं आज शिल्लक आहेत, त्यातलं एक वस्तू सुमारे २७० पट मोठी करून दाखवतं. अशी शेकडो भिंगं त्याने आयुष्यात बनवली, तीही दुकान आणि नोकरी सांभाळून.

डेल्फ्टमध्ये रेनियर द ग्राफ नावाचा तरुण डॉक्टर होता. त्याने १६७३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून या दुकानदाराची शिफारस केली. त्या वेळी इंग्लंड आणि हॉलंड यांच्यात चक्क युद्ध चालू होतं! तरी पत्र पोचलं, वाचलं गेलं आणि सोसायटीने लीवेनहूकची निरीक्षणं छापली. बुरशी, मधमाशीची नांगी आणि ऊ. शिफारस करणारा द ग्राफ त्याच वर्षी वारला, पण त्याने जुळवून दिलेला पत्रव्यवहार पुढे पन्नास वर्षं चालला.

१६७६ साली लीवेनहूकने लिहिलेल्या पत्राने लंडनमध्ये खळबळ उडाली. मिरी तिखट का लागते, हे शोधायला त्याने मिरी पाण्यात भिजत घातली होती. तिखटपणाचं कारण सापडलं नाही. त्या पाण्यात सापडले ते इवलेसे, वळवळणारे, मोजता न येणारे जीव. सोसायटीतल्या विद्वानांना हे पटेना. लॅटिनही न येणारा एक कापडवाला सांगतोय म्हणून विश्वास ठेवायचा? लीवेनहूक चिडला नाही. त्याने गावातले धर्मोपदेशक, वकील अशा आठ प्रतिष्ठित लोकांना बोलावलं, भिंगातून दाखवलं आणि त्यांच्या सहीचे दाखले लंडनला पाठवले. अखेर १६७७ च्या नोव्हेंबरमध्ये रॉबर्ट हूकने सोसायटीत तेच जीव सगळ्यांना दाखवले आणि शंका मिटली. १६८० साली सोसायटीने त्याला सभासद करून घेतलं. तो मात्र एकदाही सभेला गेला नाही.

सप्टेंबर १६८३: स्वतःचंच तोंड

आता आपल्या मूळ मुद्द्यावर येऊ. १७ सप्टेंबर १६८३ या तारखेचं एक पत्र त्याने लंडनला पाठवलं. विषय होता स्वतःचे दात.

तो तेव्हा पन्नाशीचा होता. त्या काळात या वयात तोंडात धड दात असणं हीच मोठी गोष्ट. आपण दात कसे राखले, ते त्याने सविस्तर सांगितलं. रोज सकाळी मिठाने दात घासायचे, पाण्याने चूळ भरायची, जेवल्यावर दाढा कोरणीने साफ करायच्या आणि फडक्याने चांगल्या रगडायच्या. आपले दात या वयातही पांढरे स्वच्छ आहेत आणि कितीही जोरात मीठ घासलं तरी हिरड्यांतून रक्त येत नाही, हे त्याने मुद्दाम नोंदवलं.

इथे दुसरा कुणी असता तर थांबला असता. दात स्वच्छ, रक्त नाही, विषय संपला. लीवेनहूक थांबला नाही. त्याने भिंगाच्या आरशात पाहिलं, तर दाढांच्या फटींत कालवलेल्या पिठासारखं काहीतरी पांढरं चिकटलेलं. इतकं घासूनही! त्याने ते कोरून काढलं, पावसाच्या स्वच्छ पाण्यात कालवलं आणि सुईच्या टोकावर धरलं. त्यात जीव होते. काही माशासारखे सुळकन पाण्यातून जाणारे, काही भोवऱ्यासारखे गरगरणारे, काही बारीक थव्याने फिरणारे. त्याने त्यांची चित्रं काढून घेतली. माणसाच्या तोंडातल्या जिवाणूंची ही पहिली चित्रं. आपल्या एका तोंडात आख्ख्या हॉलंडच्या लोकसंख्येपेक्षा जास्त जीव नांदतायत, असा हिशेबही त्याने मांडला.

मग त्याने तपासणीचा पसारा वाढवला. दोन बायका, एक आठ वर्षांचं मूल आणि दोन म्हातारे. पहिल्या म्हाताऱ्याने ब्रँडी-तंबाखूला कधी स्पर्श केला नव्हता, पण जन्मात दातही घासले नव्हते. त्याच्या दातांवरच्या थरात जिवांची अशी जत्रा होती की लीवेनहूकही चकित झाला. दुसरा रोज ब्रँडी, वाइन आणि तंबाखू घेणारा. एवढ्या दारूत हे जीव तगतात का, अशी लीवेनहूकला उत्सुकता. तर दातांच्या फटींत तिथेही ते आरामात होते.

त्यातला सगळ्यात भारी प्रयोग व्हिनेगरचा. त्याने तोंडात जहाल व्हिनेगर घेतलं, दातांच्या फटींतून खळखळ फिरवलं, नंतर पाण्याने चूळ भरली आणि पुन्हा दात कोरून पाहिलं. जीव जिवंतच. मग बाहेर काढलेल्या त्या पांढऱ्या थरात थोडं व्हिनेगर मिसळलं. तेव्हा मात्र ते मेले. त्याने निष्कर्ष काढला तो असा: व्हिनेगर थराच्या वरवर पोचतं, आत शिरत नाही. हाच तो थर, ज्याला आज डेंटिस्ट प्लाक म्हणतात. एकमेकांना चिकटून, भोवती चिकट कवच करून राहिलेली जिवाणूंची वस्ती. नुसत्या माउथवॉशवर भागवणाऱ्या मंडळींनी हा ३४० वर्षांपूर्वीचा प्रयोग ध्यानात ठेवायला हवा. थर निघतो तो घासूनच.

मग घासायचं किती?

इथेच खरी गोम आहे. लीवेनहूकने हे जीव पाहिले, मोजले, पण त्यांच्यामुळे माणूस आजारी पडतो असं तो कुठेही म्हणाला नाही. जिवाणू आणि रोग यांची गाठ पाश्चर आणि कॉख यांनी घातली, ती एकोणिसाव्या शतकात. आणि हिरड्यांच्या बाबतीत पक्का पुरावा मिळायला १९६५ साल उजाडलं. डेन्मार्कमध्ये हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी लोकांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. त्यातले बहुतेक तुमच्यासारखेच विद्यार्थी होते. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू झालं आणि आठवड्याभरात सूज उतरली. दाताकडे दुर्लक्ष केलं की काय होतं, हे इतक्या सरळपणे कुणी दाखवलं नव्हतं.

म्हणजे जितकं जास्त घासाल तितकं चांगलं? नाही हो. याच ल्योने पुढे नॉर्वेतले उत्तम निगा राखणारे लोक आणि श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरचे मजूर यांच्या हिरड्या अनेक वर्षं तपासल्या. मजुरांना दातांची निगा ठाऊकच नव्हती. त्यांच्या हिरड्या प्लाक आणि किटणामुळे दाताच्या सगळ्या बाजूंनी सरकत गेल्या. नॉर्वेतल्या लोकांचे दात चकचकीत, तरी विशीतल्या निम्म्याहून जास्त जणांची हिरडी कुठे ना कुठे सरकलेली होती. आणि तीही फक्त ओठा-गालाकडच्या बाजूने. ब्रश नेमका तिथेच जोरात फिरतो ना!

हिरडी सरकण्याच्या अशा दोन वाटा आहेत. एक घाणीची, दुसरी अतिस्वच्छतेची. लीवेनहूक मिठाने आणि फडक्याने रगडून दात घासत होता आणि रक्त येत नाही म्हणून निर्धास्त होता. पण घासून घासून सरकणाऱ्या हिरडीतून बहुतेकदा रक्त येतच नाही. ती गुलाबी, घट्ट, निरोगी दिसते आणि गुपचूप मागे जाते. त्याचं खरखरीत मीठ आज कुणी सुचवणार नाही.

मलमल की मांजरपाट?

पण मग एकाच घरात, एकाच पद्धतीने ब्रश करणाऱ्या दोन भावंडांत एकाची हिरडी सरकते आणि दुसऱ्याची नाही, असं का? इथे ती कापडाची गोष्ट आठवा.

हिरडीलाही कापडासारखा पोत असतो. कुणाची हिरडी मलमलीसारखी पातळ, कुणाची मांजरपाटासारखी जाड. डेंटिस्ट ते कसं ओळखतात? दात आणि हिरडी यांच्यामधल्या बारीक खाचेत ते धातूची एक बोथट, खुणा केलेली सळई हलकेच सरकवतात. सळई हिरडीतून आरपार दिसली तर हिरडी पातळ, नाही दिसली तर जाड. पदराखाली हात धरून बघण्याचाच प्रकार! ढोबळ हिशेब असा की १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी जाडी म्हणजे पातळ हिरडी.

पातळ हिरडी हा काही आजार नाही. जन्मतःच मिळालेली ती ठेवण आहे, नाकाच्या ठेवणीसारखी. अशा लोकांचे दात बहुधा निमुळते असतात, हिरडीची कड जास्त कमानदार असते आणि खाली हाडही पातळ असतं. प्रश्न एवढाच की अशा हिरडीला धक्का सोसत नाही. प्लाकमुळे सूज आली की जाड हिरडी बहुधा आतून पोखरते, तिथे दात आणि हिरडी यांच्यात खोल खिसा तयार होतो. पातळ हिरडी सरळ मागे हटते. मलमल जशी एका खेचण्यात विरते, तसंच.

आता पातळ हिरडीच्या जोडीला आणखी काय काय आलं तर धोका वाढतो, ते बघा. यातलं बरंचसं तुमच्याच वयात घडतं.

दात वेडेवाकडे असतील आणि एखादा सुळा रांगेबाहेर आला असेल, तर त्याच्यावरचं हाड आणि हिरडी आधीच ताणलेली असते. ब्रशही त्याच दातावर जास्त घासला जातो. ब्रेसेस लावून दात हलवताना तो हाडाच्या मर्यादेबाहेर ढकलला गेला, तर पातळ हिरडी सरकू शकते. म्हणून तारा लावण्याआधी हिरडीची जाडी बघून घ्या असं डॉक्टरांना हक्काने सांगा. ब्रेसेसना घाबरायचं कारण नाही, फक्त हा प्रश्न आधी विचारायचा.

ओठात किंवा जिभेत रिंग घालायची फॅशन आहे. ती धातूची गोळी दिवसभर आतून हिरडीवर घासत राहते आणि नेमकी तिथली हिरडी सरकते. ओठाला हिरडीशी जोडणारा पडदा दाताच्या फार जवळ असेल तर तोही खेचत राहतो.

आणि तंबाखू. गालात किंवा ओठाखाली तोबरा ठेवला की त्याच जागची हिरडी जाते. आपल्याकडे अनेक घरांत आजी-मावशी मिश्री लावतात. दात साफ होतात अशी समजूत, पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, वर बोटाने रोजची रगड. सिगरेटचा डाव आणखी कपटी. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, त्यामुळे आजार आत वाढत असतो आणि माणूस म्हणतो, मला तर काहीच त्रास नाही.

एकदा सरकलेली हिरडी आपोआप परत येत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. गरज पडली तर टाळूची थोडी ऊती घेऊन तिथे कलम करतात, त्याने हिरडी जाडही होते आणि मूळही झाकता येतं. पण प्रत्येकाला त्याची गरज नसते. कारण शोधून थांबवलं तर बहुतेकदा पुढचं सरकणं थांबतं. मऊ ब्रश, पेन धरतो तसा हलका धरायचा, हिरडीच्या कडेशी तिरका ठेवून छोट्या हालचाली करायच्या, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. फटींसाठी फ्लॉस किंवा बारीक ब्रश. ब्रशचे केस महिन्याभरात फुलासारखे पसरत असतील तर समजा, तुमचा हात जड आहे. आणि हिरडीतून रक्त येतंय म्हणून घासणं सोडू नका, तिथे बहुधा प्लाक साचलेला असतो. डेंटिस्टला दाखवा.

कीड, धूर आणि चीज

परत डेल्फ्टला जाऊ. म्हातारपणीही या गड्याची दातांची हौस संपली नव्हती. १६९२ साली त्याने पुन्हा स्वतःचे दात तपासले. पुढच्या दातांवर हलणारे जीव दिसेनात. तो चक्रावला. मग लक्षात आलं की हल्ली आपण रोज सकाळी कडकडीत गरम कॉफी पितोय, तिने ते मेले असावेत. दुसऱ्या कुणी इथेच कॉफीचा जयजयकार केला असता. याने मागच्या दाढा कोरून बघितल्या. तिथे कॉफीचा चटका पोचत नव्हता आणि जीव मजेत होते. आपल्याला हवं ते उत्तर मिळाल्यावरही आणखी एकदा तपासायचं, ही त्याची सवय.

१७०० साली त्याच्याकडे काही अळ्या आल्या. दाताला धुरी देऊन त्या बाहेर काढल्या, असा दावा होता. दातात किडे असतात आणि ते दात खातात, ही समजूत तेव्हा जगभर होती. आपल्याकडेही भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातली कीड पाडायची पद्धत होतीच. आजही आपण दाताला कीड लागली असंच म्हणतो. लीवेनहूकने त्या अळ्या भिंगाखाली धरल्या आणि सांगितलं की या तर जुन्या चीजमध्ये होणाऱ्या अळ्या आहेत, खाण्याबरोबर तोंडात गेल्या असणार. दातातले खरे जीव त्याने आधीच पाहिले होते. ते डोळ्यांना दिसणारे नव्हते.

त्याची कीर्ती एवढी पसरली की १६९८ साली रशियाचा झार पीटर डेल्फ्टला आला, तेव्हा त्याने लीवेनहूकला नावेवर बोलावून घेतलं. लीवेनहूकने त्याला ईल माशाच्या शेपटीत वाहणारं रक्त दाखवलं. गंमत म्हणजे या झारला दुसऱ्यांचे दात उपटायचा भयंकर शौक होता. त्याने उपटलेले दात सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात आजही ठेवलेले आहेत. आपल्या लीवेनहूकचे दात वाचले म्हणायचे!

एक दोष मात्र त्याच्या पदरात टाकावाच लागेल. आपली उत्तम भिंगं तो कुणाला दाखवत नसे आणि ती कशी बनवतो, कसा बघतो हे त्याने कुणाला शिकवलं नाही. मृत्यूनंतर मारियाने त्याच्या इच्छेप्रमाणे २६ चांदीचे मायक्रोस्कोप लंडनला पाठवले. पुढे तेही हरवले. त्याने पाहिलेलं जग इतक्या स्पष्टपणे पुन्हा बघायला लोकांना शंभराहून अधिक वर्षं लागली. एवढा काळ हिरड्या सुजत राहिल्या, दात पडत राहिले आणि दोष किड्यांना, पित्ताला, नशिबाला जात राहिला. ज्ञान मुठीत ठेवलं की असं होतं. चांगल्या नोट्स लपवून ठेवणाऱ्या मित्रमैत्रिणींना हे जरूर सांगा.

२६ ऑगस्ट १७२३ रोजी, नव्वद वर्षांचा होऊन तो गेला. शेवटच्या दिवसांतही आपल्या पोटा-छातीतली विचित्र धडधड त्याने बारकाईने टिपून लंडनला कळवली होती. डेल्फ्टच्या जुन्या चर्चमध्ये त्याची समाधी आहे. व्हर्मीरलाही तिथेच पुरलंय.

आज रात्री झोपण्याआधी एक काम करा. मोबाइलचा टॉर्च लावा, आरशासमोर उभे राहा, ओठ वर करा आणि एकेक दात बघा. कुठला दात शेजाऱ्यापेक्षा लांब दिसतो? कुठे मुळापाशी पिवळट कडा दिसते? कुठे हिरडी इतकी नाजूक आहे की खालची शीर दिसावी? काही दिसलं तर घाबरू नका, डेंटिस्टकडे जा आणि आपली हिरडी पातळ आहे की जाड, हे विचारून घ्या. सळईने बघायला मिनिटही लागत नाही. लीवेनहूककडे डिग्री नव्हती, लॅब नव्हती, इंग्रजी-लॅटिन नव्हतं. स्वतःचं तोंड होतं आणि ते नीट बघायची तयारी होती. तेवढं तर तुमच्याकडेही आहे.